पाचव्या दिवशी मी खोटं बोलले

"आपकी बेबी साँस लेना भूल जाती है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी मुलगी तेव्हा चार दिवसांची होती.

मी नवऱ्याकडे, नितीनकडे पाहिलं. त्याचाही चेहरा कोराच होता. श्वास घ्यायला कुणी विसरतं का? मॅडमनी शांतपणे समजावलं. याला ॲप्निया ऑफ प्रिमॅच्युरिटी म्हणतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू पुरता तयार नसतो, त्यामुळे श्वास मध्येच थांबतो. वीस सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याआधीच बाळ निळं पडायला लागलं, तर तो ॲप्निया. बहुतेक बाळांचा तो वाढीबरोबर आपोआप जातो. "बस, टाइम लगेगा," त्या म्हणाल्या.

टाइम! माझ्याकडे नेमकी तीच गोष्ट नसते. कुकरची वाफ जायच्या आधी झाकणाशी झटापट करणारी बाई मी. माझं ब्लडप्रेशर चढलं म्हणून तिसाव्या आठवड्यात ऑपरेशन करून मुलीला बाहेर काढावं लागलं. वजन सव्वा किलो. सासूबाई पहिल्यांदा काचेतून बघून आल्या आणि म्हणाल्या, "घाईत तुह्यावरच गेली व माय पोट्टी." मी हसले आणि लगेच रडले.

माझी दवाखान्यातून सुट्टी सहाव्या दिवशी झाली. मुलगी तिथंच, नवजात बाळांच्या आयसीयूत राहिली. मग रोजचं एकच, बूढ़ापाऱ्यातलं घर ते समता कॉलनीतलं हॉस्पिटल. सकाळी नितीनच्या स्कूटरवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. दर तीन तासांनी दूध काढून सिस्टरच्या हाती द्यायचं. बाटलीवर चिकटपट्टी असायची, 'बेबी ऑफ स्मिता'. उरलेला वेळ बाहेरच्या खुर्चीवर. आतलं कुठलंही यंत्र वाजलं की बाहेरच्या सगळ्या आया एकदम उभ्या राहायच्या. माझी सवय तर अशी झाली की बाहेर रस्त्यावर ट्रक मागे घेताना वाजला तरी मी उभी.

मुलीला कॅफीन चालू होतं. होय, चहा-कॉफीत असतं तेच. ते मेंदूला जागं ठेवतं आणि श्वास चालू राहतो. पाच आठवड्यांनी, ती पावणेदोन किलोची झाल्यावर, मॅडमनी ते बंद केलं आणि घरी जायचा नियम सांगितला. औषधाशिवाय सलग सात दिवस एकही ॲप्निया नको. मध्ये एक जरी झाला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सात दिवस! माझ्या अंगात वारंच शिरलं. धुतलेली झबली मी पुन्हा धुतली. सासूबाईंनी गोल बाजारातून पाळणा आणला. बारशासाठी नणंदेला नागपूरहून बोलावून ठेवलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. मी जेवताना, केस विंचरताना, सिग्नलला थांबल्यावर नुसते दिवस मोजत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी कांगारू केअरला बसले. म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवतात. तिच्या पायाला प्रोब असायचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्यानं एका पायावर वळ उठला होता म्हणून रूपा सिस्टरनं तो काढला आणि दुसऱ्या पायाला लावायला नवी पट्टी आणायला ती ट्रॉलीकडे वळली. यंत्राचा आवाज तिनं तेवढ्यापुरता बंद केला होता.

तेवढ्यात छातीवरची हालचाल थांबली.

मी खाली पाहिलं. ओठांभोवती राखाडी-निळं. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. मी तिच्या तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली, पुन्हा टिचकी मारली. ती दचकली, तिनं मोठा श्वास घेतला आणि रंग परत आला.

सिस्टर पट्टी घेऊन वळली. "सब ठीक, दीदी?"

"हव," मी म्हणाले.

एवढंच. तो एका शब्दाचा होकार द्यायला मला काहीही कष्ट पडले नाहीत, याची मला आजही लाज वाटते. प्रोब लागला, पडद्यावर हिरवे आकडे आले, सगळे चांगले. राउंडला मॅडम म्हणाल्या, "बढ़िया. तीन दिन बाद घर." मी बाहेर येऊन सासूबाईंना फोनही केला.

त्यानंतर खुर्चीवर बसवेना. मी जिन्यानं खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. स्वतःशी वाद घालत होते. वीस सेकंद कुठं झाले होते? सहा-सात झाले असतील. पण निळी पडली होती. खरंच पडली होती का, की आतल्या उजेडात तसं दिसलं? माझंच बाळ, मीच पाहिलं, मीच उठवलं, मग बिघडलं काय? हे शेवटचं मला फार पटलं होतं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

तीन वाजता घरी जाणाऱ्या बाळांच्या आयांना शिकवणी होती. बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं, हे रबरी बाहुलीवर करून दाखवायचं. माझ्या आधीची बाई बाहुलीला हात लावायलाही बिचकत होती. माझी पाळी आली. मी बाहुली उचलली, तळव्यावर टिचकी, पाठीवरून हात, पुन्हा टिचकी, नजर ओठांवर.

रूपा सिस्टर हसली. "अरे वा, दीदी को तो सब आता है! कहाँ सीखा?"

बाहुली हातात, आणि मी हुंदके देत उभी. मग सगळं सांगितलं.

मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल उघडली, लिहिलं आणि म्हणाल्या, "कल से फिर पहला दिन." मुलीचं रक्त तपासलं. इन्फेक्शन नव्हतं. हिमोग्लोबिन काठावर होतं; ते उतरलं तरी श्वास थांबू शकतो, लक्ष ठेवू म्हणाल्या.

नितीन मात्र संतापला. तो मराठी समजतो, पण या हिंदी मुलखात वाढलेल्या बऱ्याच मराठी पोरांसारखा बोलतो हिंदीतच. "बोला काहे को? दो सेकंड की बात थी!" सकाळपासून मीही हेच तर म्हणत होते. घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगावं कळेना. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग रडून काहून राहिली? तुह्या नणंदेले मी सांगतो, बारसं पुढं गेलं म्हणून. पाळणा काय पळून चालला?"

नव्या मोजणीचा चौथा दिवस. दुपारी मी बाहेर डबा खात होते, मेथीची भाजी आणि पोळी. आत यंत्र वाजलं, आम्ही उभ्या राहिलो, आणि या वेळी ते थांबेना. धावणारी पावलं ऐकू आली. बऱ्याच वेळानं सिस्टरनं दार उघडून माझं नाव घेतलं.

मुलगी गुलाबी होती, झोपली होती. बाजूला छोटा मास्क आणि हवेची पिशवी पडली होती. मॅडमच्या कपाळावर घाम होता. "इस बार हिलाने से नहीं हुआ. बैग से साँस देनी पड़ी," त्या म्हणाल्या.

मी हिशेब केला. माझ्या 'हव'वर सगळं चाललं असतं तर मुलगी आदल्याच दिवशी घरी आली असती. त्या वेळी ती पाळण्यात असती. यंत्र नसतं, मास्क नसता. आणि मी स्वयंपाकघरात पाठमोरी बसून मेथीची भाजी खात असते.

हिमोग्लोबिन आणखी उतरलं होतं. तिला रक्त दिलं, लहान वाटीभरही नव्हतं. त्या संध्याकाळी नितीन स्कूटरवर बसला, पण किल्ली फिरवेना. मग समोर बघत म्हणाला, "अच्छा किया, बोल दिया."

तुमचं बाळ आत असेल, तर मला एवढंच सांगायचं आहे. तुमचाही हात कधीतरी यंत्राच्या आधी धावेल. जे पाहिलंत ते सांगा. मोजणी मोडेल, घरचे चिडतील, तुम्हीही चिडाल. तरी सांगा. रूपा सिस्टरनं त्या दिवशी सहज विचारलं नसतं, तर मी सांगितलं असतं का, हे मला ठाऊक नाही. तिचे उपकार मी कसे फेडू?

तिसऱ्या मोजणीचे सात दिवस शांत गेले. मुलगी घरी आली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी दूध पाजून तिला पाळण्यात घातलं. तिच्या नाकाखाली बोट धरलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं नितीननंही बोट पुढं केलं आणि आमची बोटं एकमेकांवर आपटली.

"झोपू द्या न रे तिले!" सासूबाई ओरडल्या.

त्यांचं बरोबर होतं. नितीननं बोट काढलं. मी आणखी थोडा वेळ तिथंच धरून ठेवलं.