अखाजीआधीची परीक्षा

निकमबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीला भागाकार शिकवत होतो. शिपाई दारातून म्हणाला, "आपल्या बाई गेल्या, सर." सकाळी दूध तापवताना छातीत कळ आली आणि संपलंच सगळं. आता महिना होईल त्याला. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला बाईंचा राग आला. मार्चमध्ये जातं का कोणी, परीक्षा तोंडावर असताना?

बाई आमच्या मुख्याध्यापिका. सुरतेतल्या लिंबायतची सरकारी मराठी शाळा, पत्र्याच्या दोन खोल्या. पालक बहुतेक खानदेशातले, कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की ही माणसं सुरतेत थांबत नाहीत. लेकी माहेरी यायच्या असतात, लग्नं असतात; शेठ कामावरून काढो नाहीतर ठेवो, घराला कुलूप लावून सगळे भुसावळच्या गाडीत. आणि आमची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत! पोरं गैरहजर, म्हणून नापास. नापास झालेली पोरगी जूनमध्ये शाळेत परत येत नाही, घरी बसून साड्यांचे धागे कापते.

आमची परीक्षा अलीकडे घ्या, असं बाई वर्षानुवर्षं वरच्या ऑफिसात सांगत राहिल्या. उत्तर ठरलेलं, नियम सगळ्यांना सारखा. तिसरी खोली मागितली तर निधी नाही. समोर नव्या लूमची शेड एका उन्हाळ्यात उभी राहिली. आमच्या अर्जांचं मात्र रोज मरे त्याला कोण रडे. शेवटी बाई तिथल्या साहेबांना तोंडावर म्हणाल्या, "पैसा द्या, नाहीतर मोकळीक द्या. दोन्हीकडून हात आखडून शाळा चालत नाही."

सुरतेत चौऱ्याण्णवला प्लेग आला, त्याच्या पुढच्या साली बाईंनी कोणाला न विचारता परीक्षा आधी घेतली. गणिताचा पेपर चालू असतानाच साहेब आले. कोणीतरी चुगली केली असणार. पेपर थांबवा म्हणाले. माझी नोकरी नवी, मी बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीतून उठल्या. "मी नाही सांगणार, साहेब. तुम्हीच काढून घ्या, एकेकाच्या हातातून." साहेब खरंच पहिल्या रांगेपर्यंत गेले, हात पुढे केला... समोरच्या पोरीने डाव्या हाताने कागद घट्ट दाबून धरला आणि मान वर न करता लिहीत राहिली. वर्गात समोरच्या शेडचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता. साहेबांनी हात मागे घेतला. ही परीक्षा धरली जाणार नाही, असं बजावून ते निघून गेले.

मेभर आम्ही नोटिशीची वाट पाहिली. मला धड झोप लागत नव्हती. जूनमध्ये बाईंनी वाट पाहणं सोडलं आणि सगळी पोरं पुढच्या वर्गात बसवली. त्यांची एक पगारवाढ गेली. परवानगी तेव्हाही आली नाही, पुढेही कधी आली नाही... दरवर्षी परीक्षा मात्र आधीच झाली. हे सगळं एकट्या बाईंच्या जिवावर चाललं होतं, हे त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

गेल्या आठवड्यात एक आई शाळेच्या दारात आली, गावी निघायच्या तयारीत. "बाई नही शेतस, मंग परीक्षा व्हई का?" होईल, मी म्हणालो.

साहेब पेपर थांबवायला आले त्या प्रसंगानंतर पेपर चालू असताना बाई वर्गात बसत नसत. दाराच्या चौकटीत उभ्या राहायच्या, पाठ पोरांकडे, तोंड रस्त्याकडे. परवा पेपर वाटून झाले आणि माझे पाय आपोआप तिकडेच वळले. थोड्या वेळाने नवे साहेब स्कूटरवरून उतरले.

"ही परीक्षा कोणाच्या परवानगीने चाललीय?"

"निकमबाईंच्या," मी म्हणालो.

"त्या तर वारल्या ना?"

"हो," मी म्हणालो, आणि दारातून हललो नाही.