कसं मोडलं?

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुलपं दुरुस्त करतात. बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याच्या दुकानाचा जिना आहे, त्या जिन्याखाली त्यांची जागा. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. भिंतीवर किल्ल्यांचे जुडगे, खाली कानशी आणि तेलाची बुधली, समोर एक स्टूल. स्टूल गिऱ्हाइकासाठी, कारण भावोजींकडे काम झटपट होत नाही. हात सावकाश चालतात असं नाही, हात चांगले चालतात. वेळ लागतो तो बोलण्याला.

कुलूप हातात घेतलं की ते आधी विचारणार, "कसं मोडलं?" आणि उत्तर येईपर्यंत हत्याराला हात लावणार नाहीत. लोक म्हणतात, आपोआप मोडलं. "लोखंड आपोआप मोडत नाही," एवढं बोलून हे गप्प. मग स्टुलावरचा माणूस चुळबुळतो, इकडेतिकडे बघतो आणि खरं काय ते बाहेर येतं. रागाच्या भरात लाथ घातली. सासूबाईंनी किल्ली लपवली म्हणून पिन खुपसली. भावाच्या कपाटात काय आहे ते बघायचं होतं. सगळं ऐकून भावोजी उपदेशाचा एक शब्द काढत नाहीत. "बरं," म्हणतात आणि कामाला लागतात. फक्त भावाचं कपाट असेल तर म्हणतात, "भावालाही घेऊन ये." एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "तुम्ही कुलूपवाले आहात की देव?" तर हे म्हणाले, "तोही हेच विचारणार आहे. इथे सवय करून घ्या."

मला या माणसाचा पहिल्यापासून राग यायचा. मी शिवणकाम करते. उसवलं की शिवायचं, विषय संपला. कसं उसवलं ते विचारत बसले तर माझं मशीन गंजून जाईल. ताईचं लग्न ठरलं तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, हा माणूस भांडणातसुद्धा तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. तसंच झालं. ताई तावातावानं बोलायची, हे ऐकून घ्यायचे, आणि शेवटी "माझं इतकं चुकलं, बाकीचं तुझं तू बघ," असं म्हणून कामाला जायचे. चूकसुद्धा वाटून घ्यायची या माणसाला सवय. पण आज त्यांच्याविषयी कोणी वाकडं बोललं तर त्याची माझ्याशी गाठ आहे. असं का, तेच सांगायला बसलेय.

त्यांचा एकुलता एक मुलगा बेकरीची व्हॅन चालवतो. ताडमाड वाढलाय म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. पहाटे पाव-बिस्किटं भरायची आणि दुकानोदुकानी टाकायची, असं त्याचं काम. एका सकाळी मी बटणं आणायला बाजारात गेले, तेव्हा लंबू जिन्यापाशी व्हॅन लावून उभा होता. व्हॅनच्या बाजूच्या दाराचं हँडल उपटल्यासारखं बाहेर आलं होतं, एका स्क्रूवर लोंबत होतं, आणि त्याच्या खाचेत निळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. भावोजींनी तो पाहिला. मीही पाहिला. मला वाटलं, आता प्रश्न येणार.

प्रश्न आला नाही. त्यांनी चिमट्यानं लोकर काढली, जुनं हँडल उतरवलं, नवं बसवलं, दार दोनचारदा सरकवून पाहिलं. लंबू नखं खात उभा. मी आपली थट्टेनं म्हणाले, "काय हो, मालकाच्या पोराला प्रश्न माफ वाटतं?" एरवी हसले असते. त्या दिवशी मान वर केली नाही. जुनं हँडल आणि ती लोकर त्यांनी खणात टाकली आणि खण लोटून दिला.

दुपारी गल्लीत बातमी आली. शाळेत घंटा देणारी बाई सकाळी कामावर जाताना अरुंद वळणावर कुठल्याशा गाडीनं ओढली गेली, फुटपाथच्या कडेवर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं. गाडी पळून गेली. बाईला एवढंच आठवतं, की मागून कोणीतरी स्वेटर धरून ओढल्यासारखं झालं. तिचा तो निळा स्वेटर सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता; बारा महिने अंगावर. मला ती हँडलच्या खाचेतली लोकर आठवली. मशीन तसंच टाकून मी ताईकडे धावले.

लंबू स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता आणि ताई पदरात तोंड खुपसून रडत होती. त्यानं आपणहूनच आईला सांगितलं होतं. वळताना हिसका बसला, आरशात बाई पडलेली दिसली, व्हॅन थांबवली. तेवढ्यात कोणीतरी तिच्याकडे धावलेलं दिसलं. "मला वाटलं, आता तिच्याजवळ माणूस आहे," तो म्हणाला, "आणि मावशी, माझा पाय ॲक्सिलरेटरवर गेला." पाय गेला म्हणे. जसा काही पाय शेजाऱ्यांचा होता.

भावोजी दुकान बंद करून आले. लंबूनं परत सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले आणि बोलले, तेही लंबूला नाही, स्वतःलाच बोलल्यासारखे. "जन्मभर परक्यांना विचारत आलो. तुला विचारलं नाही. लोकर पाहिली आणि मला कळलं, विचारलं तर ऐकावं लागेल. म्हणून विचारलं नाही. खूण मी पुसली." ताई म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक होतं? तुम्ही आपलं तुमचं काम केलंत." ते म्हणाले, "तेच तर केलं नाही."

मग ते लंबूकडे वळले. "मी रविवारी पोलीस ठाण्यात जाणार, माझं सांगायला. तुझं सांगायचं की नाही ते तू ठरव. रविवारच्या आधी ठरव, म्हणजे तुझं तुझ्या तोंडून जाईल. मी आत्ताच गेलो तर तुझी पाळी मी हिरावली असं होईल."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "भावोजी, एक तर कान धरून घेऊन जा, नाहीतर सरळ गप्प बसा. हे मधलं काय खूळ?" ते शांतपणे म्हणाले, "कान धरून नेला तर कान जाईल. तो नाही जाणार." आता अशा माणसाशी काय भांडायचं?

त्या आठवड्यात घरातल्या अन्नाला चव नव्हती. लंबू कामावर जायचा, यायचा, ताटात चिवडायचा आणि उठायचा. ताई रोज नवा बेत काढायची. त्याला लांबच्या आत्याकडे पाठवू, आजारी आहे म्हणून सांगू, व्हॅन दुसरा कोणी चालवत होता म्हणू. भावोजी कशालाच हो म्हणेनात आणि लंबूला समजावायलाही जाईनात. त्याच्यासमोर बसून जेवायचे, पाणी पुढे करायचे, बस. सोपं होतं असं कोणी समजू नये. ज्या हातांनी आयुष्यभर बारीक काम केलं, त्या हातांतून त्या आठवड्यात किल्ली सटकताना मी पाहिली. या माणसाला सगळ्या जगात त्या पोरापलीकडे काही नव्हतं.

मी दवाखान्यात बाईला बघून आले. पाय वजन लावून टांगलेला, चेहरा पांढरा, तरी तोंडानं म्हणत होती की जाऊ दे, देवाची मर्जी. मी येऊन भावोजींना सांगितलं. वाटलं, जरा बरं वाटेल त्यांना. कसलं काय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "देवाच्या नावावर खपवू नका. व्हॅन देव चालवत नव्हता." आणि लंबू पलीकडच्या खोलीत होता, हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी लंबू आईला म्हणाला, "बहुतेक मी जाईन." झालं, ताईचा धीर सुटला. तिनं नवऱ्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाली, "त्याच्या खोलीला बाहेरून कडी बसवा. दोन दिवस कोंडून ठेवू, डोक्यातलं भूत उतरेल. तुमच्या हातची कडी त्याला निघायची नाही. एवढं माझ्यासाठी करा."

भावोजी तिच्या शेजारी बसले. दाराआड पोरगा ऐकतोय याची पर्वा न करता बोलले, आणि इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "मलाही वाटतं गं. काल दुकानात कडी हातात घेऊनही बघितली. पण असं बघ, यानं चूक करू नये असं देवाला वाटत नसेल का? तरी देवानं त्या वळणावर याचा पाय धरून ठेवला नाही. दार उघडं ठेवलं. म्हणून तर तो विचारू शकतो, की बाबा रे, असं का केलंस? बाहेरून कडी घातलेल्या माणसाला काय विचारणार? उद्या हा गेला नाही, तर तो जाब याचा. कोंडला म्हणून गेला नाही, तर तो तुझा आणि माझा. मला माझंच पुष्कळ आहे. त्यात हे कुठे घेऊ?"

ताईनं उठून भात लावला.

रविवारी सकाळी मी गेले तर लंबू अंघोळ करून, बूट घालून उभा, खांद्याला पिशवी. ताई दारात आडवी उभी होती. ती पिशवी बघूनच तिला कळलं, आणि मलाही कळलं: पोरगा पळून चाललाय. गंमत बघा, आदल्या दिवशी जाऊ नको म्हणून रडणारी ताई आता ती पिशवी बघून आणखीच पांढरी पडली. लंबू म्हणाला, "येतो." भावोजी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ताईला फक्त म्हणाले, "सर बाजूला." ती सरली. तो गेला. कोपऱ्यावर कुठे वळतो ते बघायला मी खिडकीशी जाणार, तर म्हणाले, "नको बघूस." आणि उरलेला चहा संपवला.

थोड्या वेळानं त्यांनी दुकानातून आणून ठेवलेलं ते जुनं हँडल आणि लोकर कागदात गुंडाळली आणि निघाले. ताई उंबऱ्यावर बसून राहिली, म्हणून मी बरोबर गेले. वाटेत मी त्यांना सोडलं नाही. "झालं समाधान? गेला पोरगा एसटी पकडून. आता तुम्ही जाऊन त्याचंच नाव सांगणार. बाप आहात की कोण आहात?" ते चालत राहिले. ठाण्याच्या पायऱ्यांपाशी थांबले, घाम पुसला. "गेला असेल," म्हणाले. त्या क्षणी मला माझ्याच जिभेचा राग आला.

आत गेलो तर लंबू साहेबांसमोरच्या बाकावर बसलेला. पिशवी पायाशी. तिच्यात टॉवेल, साबण आणि बदलायचे कपडे होते. आज आपल्याला इथेच ठेवून घेतील, असं वाटून घरून तयारीनिशी आला होता येडं पोरगं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. भावोजींनी भिंतीला हात टेकला.

साहेब म्हणाले, "तुम्ही वडील ना? मुलानं सगळं सांगितलंय. हँडलही त्यानंच बदललं म्हणाला, लोकर त्यानंच काढून फेकली. घरी कुणाला काहीच माहीत नव्हतं." माझा जीव भांड्यात पडला आणि मी भावोजींची बाही ओढली, चला म्हणून. लंबू बापाकडे बघून हळूच मान हलवत होता, नका, काही बोलू नका.

भावोजींनी कागदाचं पुडकं टेबलावर ठेवलं. "त्यानं त्याचं खरं सांगितलं, साहेब. माझं खोटं सांगितलं. हँडल मी बदललं. लोकर मी काढली, ही बघा. काय झालंय ते मला कळलं होतं."

साहेबांनी आधी पुडक्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघितलं. "अहो काका, पोरगा तुम्हाला वाचवतोय. एवढंही कळत नाही का? घरी जा."

"कळतंय हो. त्याच्यासारखा मुलगा मिळायला भाग्य लागतं," भावोजी म्हणाले. "पण माझं त्याला देता येणार नाही. ते मलाच विचारलं जाणार आहे. लिहून घ्या."

"बाबा, कशाला?" लंबू म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. साहेब कोरा कागद शोधायला उठले. भावोजी बाकावर त्याच्या शेजारी बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

मी बाहेर पायऱ्यांवर आले आणि ताईला फोन लावला. ती नुसती "कुठे गेला गं, कुठे गेला" करत होती. मी म्हटलं, "इथेच आहे. आधीपासून इथेच आहे. डबा कर आणि घेऊन ये, दोघांचा."