दुर्मिळ आकडे घोळक्याने येतात

पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. कल्याणच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते, राहायला डोंबिवलीला, मुलगी चौथीत. साल एकोणनव्वद. माझे मार्गदर्शक म्हणजे एम.एस्सी.ला मला शिकवलेले सर. निवृत्तीनंतर ते माजिवड्याला राहायला आले होते. नाक्यावर बसमधून उतरलं की त्यांच्या इमारतीपर्यंत दोन्ही बाजूंना कमरेइतकं गवत असे.

विषय त्यांनीच सुचवला. शून्य आणि एक यांच्यामधली कोणतीही संख्या घ्यायची, ती एकातून वजा करायची, आलेल्या उत्तराने मूळ संख्येला गुणायचं आणि त्याची चौपट करायची. जे येईल त्यावर पुन्हा तेच. नियम शाळेतल्या मुलाला जमेल इतका सोपा. पण सुरुवातीच्या संख्येत दहाव्या दशांशस्थळी एकाचा फरक केला, तरी तीस-चाळीस पायऱ्यांनंतर दोन रांगांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. यालाच केऑस म्हणतात. अशा रांगेत काही आकडे शून्याला अगदी चिकटून येतात, पण क्वचित. ते किती वाट पाहायला लावतात, एवढाच माझा प्रश्न होता.

"सूत्र तयार आहे," सर म्हणाले. "फासे टाकताना जे लागू पडतं तेच इथे पडणार. तू ताडून बघ आणि नीट सिद्ध कर. दोन वर्षांत प्रबंध हातात."

कॉलेजात गणिताला कॉम्प्युटर नव्हता. डोंबिवलीत स्टेशनजवळ एकाने नवा कॉम्प्युटर क्लास काढला होता, त्याला जाऊन भेटले. त्याच्या मुलांना मी द्विमान संख्या शिकवायच्या आणि त्याने मला दर रविवारी सकाळी सात ते दहा एक मशीन द्यायचं, असं ठरलं. तीन महिने गेले आणि माझं कोष्टक काही जुळेना.

शून्यापासून एक दशसहस्रांशाच्या आत येणारा आकडा साधारण दीडशे पायऱ्यांत एकदा यायला हवा. लाखभर पायऱ्यांत मोजले तर बरोबर तितकेच येत होते. पण कुठूनही सुरुवात करून पहिला येईपर्यंत थांबलं, तर सरासरी तीनशेच्या वर पायऱ्या लागत. संख्या बरोबर आणि वाट मात्र दुप्पट. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

छापलेला लांबलचक कागद मी कॉलेजात नेला आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या टेबलावर पसरला. तिथले मामा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, प्रयोगशाळा सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर होडीवर जायचे. लाल पेन्सिलीने मी जिथे जिथे खूण करत होते तिकडे ते बघत उभे राहिले.

"बाई, या खुना कसल्या?"

"फार कमी वेळा येणारे आकडे आहेत, मामा."

"पन हे तर लागून लागून हायेत. इथं दोन, इथं तीन. मंग मधी कायच नाय."

मी खुणांकडे नव्याने पाहिलं. खरंच तसं होतं.

"उधानाचा पानी पन तसाच," मामा म्हणाले. "एक दिस येऊन जात नाय. आला का दोन-तीन दिस येतोच."

त्या शनिवारी मी माजिवड्याला गेले आणि सरांना सगळं सांगितलं, मामांचं उधाणसुद्धा.

"उधाण चंद्रामुळे येतं," सर म्हणाले. "तुझ्या समीकरणात चंद्र कुठे आहे?"

मी छापलेला कागद उलगडून लाल खुणा त्यांच्यापुढे ठेवल्या.

"ते मशीन सातच अंक धरून ठेवतं. शून्याजवळ अंक खातंय, त्यामुळे तुला घोळके दिसतात. प्रोग्रॅम दुरुस्त कर."

त्यांची शंका रास्त होती. पण मशीन चुकतंय असं नुसतं म्हणून मला पुढे जायचं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी दोनशे पानी वह्या आणल्या आणि हाताने सुरुवात केली. बारा दशांशस्थळं, चारशे पायऱ्या. एवढ्या थोड्या पायऱ्यांत खुणा पडाव्यात म्हणून शून्याजवळची मर्यादा एक शतांशाची ठेवली, म्हणजे दर सोळा पायऱ्यांत साधारण एक. नवरा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत होता. संध्याकाळी आला की चहा घेता घेता माझ्या प्रत्येक गुणाकारातले अंक मिळवून त्याला नवाचा ताळा लावून बघायचा. चुकलेलं पान तो दुमडून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मी तिथून पुढचं सगळं खोडायचे आणि पुन्हा करायचे. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "राहू दे ना, सुट्टीच संपत आली." मी म्हटलं, "संपू दे."

चारशेतल्या दोनशे नव्वदाव्या पायरीच्या आसपास एके दुपारी ०.०००२ आला. हातानेच करत असल्यामुळे पुढचा गुणाकार मला जवळजवळ करावाच लागला नाही. ०.०००८. मग ०.००३२. मग ०.०१२७, आणि तो मर्यादेबाहेर. मी पेन खाली ठेवलं. शून्यावर हा नियम लावला तर शून्यच येतं. शून्याजवळचा आकडा त्यामुळे एका उडीत सुटू शकत नाही, दर पायरीला जेमतेम चौपट होत होत बाहेर पडतो. कॉम्प्युटरने हेच आकडे मला शेकडो वेळा छापून दिले होते. तेव्हा मी ते मोजले होते, वाचले नव्हते.

बाकीचं तासाभरात उलगडलं. आत आलेला आकडा पुढच्या पायरीलाही आत राहायचा, तर तो मर्यादेच्या चौथाईच्या आत हवा. या रांगेत शून्याजवळचे आकडे वर्गमुळाच्या हिशोबाने पसरलेले असतात, म्हणून चौथाईच्या आत असण्याची शक्यता चौथाईचं वर्गमूळ, म्हणजे निम्मी. म्हणजे दर पायरीला छापा-काटा, राहायचं की जायचं. त्यावरून घोळक्यात सरासरी दोन आकडे, आणि म्हणूनच दोन घोळक्यांमधली वाट दुप्पट. वहीतल्या खुणा मोजल्या, त्याही जवळपास तशाच निघाल्या.

सरांनी वह्या चाळल्या, दुमडलेली पानंही पाहिली. मग म्हणाले, "पाऊणवर नियम लावला की पाऊणच येतं. तिथे काय होईल?"

"तिथे पाऊणपासूनचं अंतर दर पायरीला दुप्पट होतं, आणि आकडे तिथे सारखे पसरलेले आहेत. पुन्हा निम्मे. घोळक्यात दोनच."

"आणि एक तृतीयांशापाशी?"

"तिथला आकडा लगेच दूर जातो. एकेकटेच येतील."

पुढच्या रविवारी सर स्वतः डोंबिवलीला आले. वय अडुसष्ट, क्लासचे दोन मजले चढताना दोनदा थांबले. मी प्रोग्रॅम चालवला, आकडे त्यांनी स्वतः मोजले, पेन्सिलीने, ओळीवर पट्टी ठेवून. मध्ये वीज गेली तेव्हा तासभर तिथेच बसून राहिले. अकराच्या सुमाराला पाऊणचा हिशोब संपला. सरासरी दोनच्या अगदी जवळ. एक तृतीयांशाचा एक.

"मी दिलेलं सूत्र अपुरं होतं," ते म्हणाले. "आता हे सिद्ध कर. दिसतंय म्हणून भागणार नाही."

सिद्ध करायला दोन वर्षं लागली. ब्याण्णवच्या अखेरीस प्रबंध दिला आणि सात महिन्यांनी परत आला. बाहेरच्या परीक्षकांनी लिहिलं होतं की दुर्मिळ घटना अशा घोळक्याने येतात हे संख्याशास्त्रात आधीच माहीत आहे, त्याचं सर्वसाधारण प्रमेयही आहे, उमेदवाराने ते वाचलेलं दिसत नाही. हे खरं होतं. आमच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नसे, पण ती सबब मला स्वतःलाच पटेना. दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला.

"सोडणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी त्यांचं वाचते. मग बघते माझं काय उरतंय."

वर्षभर दर शनिवारी मुंबईतल्या ग्रंथालयात बसून मी ते प्रमेय आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या प्रमेयाला काही अटी होत्या, आणि माझी रांग त्या पाळते हे कुणी दाखवलेलं मला सापडलं नाही. ते दाखवायचं, माझं उरलं ते एवढंच. शिवाय ज्या संख्या दोन किंवा तीन पायऱ्यांनी स्वतःकडे परत येतात, त्यांच्याभोवतीचे घोळकेही मोजले. ते प्रकरण नवीन होतं आणि सगळ्यात अवघड गेलं.

पंच्याण्णवमध्ये तोंडी परीक्षा झाली. तेच परीक्षक आले होते. दोन तास त्यांनी एकही ओळ सोडली नाही, आणि शेवटी म्हणाले, "आता ठीक आहे." घरी आले तर मुलीने भात लावला होता. नवऱ्याने विचारलं, "झालं?" मी हो म्हटलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

प्रबंधातल्या शेवटच्या प्रकरणावरचा लेख एका लहानशा नियतकालिकात छापून आला. काही महिन्यांनी पुण्याहून अनोळखी माणसाचं पत्र आलं. तीन पायऱ्यांच्या हिशोबात एक चिन्ह उलटं पडलं होतं. मी वही काढली, चार दिवस तपासलं. त्यांचं बरोबर होतं, पण निष्कर्ष त्यातूनही टिकत होता. दुरुस्ती लिहून दोघांना पाठवली, त्यांना आणि संपादकांना. पुण्याच्या त्या पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न विचारला होता. चारऐवजी थोड्या लहान संख्येने गुणलं तर काय होईल? मला माहीत नव्हतं. सोमवारी पहिला तास संपला की त्याला लागायचं ठरवलं.