निळ्या कागदाची काडीपेटी

विमानतळावर झडतीच्या वेळी कुणाला मला "हात वर करा" असं सांगावं लागत नाही. ते आपोआप वर जातात. तिथली मुलगी हसते. तिला काय सांगणार, माझे वडील दरबान होते म्हणून?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरबाहेरच्या दारूगोळ्याच्या एका कारखान्यात, गेटवर, बाबा आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची झडती घेत. बिडी, काडीपेटी, लोखंडाची किल्ली, काही म्हणून आत न्यायचं नाही. शाळेतून आलो की घरच्या दारातही ते आम्हाला हात वर करायला लावत आणि खिशातल्या चिंचा जप्त करून स्वतःच खात. आई करवादायची, "घर हाये का गेट हाये हे?"

समोरच्या क्वार्टरमधले काका बाबांचे जिवलग. त्यांना बिडीचं भारी वेड. रोज सकाळी गेटवर ते आपली काडीपेटी बाबांच्या हातात देत, "सांभाळ गा माही इस्टेट," म्हणत आणि सुटी झाली की परत घेत. एका आठवड्यात पेटीची एक बाजू फाटली. काकूनं माझ्या वहीचा निळा कागद मागून नेला आणि खळ लावून तिथं चिकटवला. नवी पेटी आणेल तर ती काकू कसली!

काका ज्या यंत्रावर काम करत, ते बाहेर देशातून नवंच विकत घेतलेलं. एकदा आमच्या ओट्यावर बसून ते बाबांना म्हणाले, "मशीन ठिणग्या सोडून राहिली गा. साहेबाले सांगतलं तर म्हणे, नवी हाये, बसंल हळूहळू."

मग त्याच आठवड्यात एका दुपारी स्फोट झाला. आमच्या फळीवरची भांडी खाली आली आणि भोंगा थांबता थांबेना. काका आणि त्यांच्या हाताखालचे दोन तरुण गेले. बाबा संध्याकाळी आले तेव्हा काकांची काडीपेटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यांनी ती कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागे ठेवली आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले.

काही महिन्यांनी दिल्लीहून संसदेची समिती यायची ठरली. ते यंत्र कुणी पारखून घेतलं, कारखान्याची सुरक्षा कशी आहे, हे ती विचारणार होती. कारखान्याला घाईघाईनं रंग लागला. आदल्या दिवशी साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "गर्दीत एखाद्याची काडीपेटी नजरेतून सुटली असंल, एवढंच सांग म्हणतात. नोकरीले धक्का लागू देणार नाही म्हणे."

"अन् नाही सांगतलं तर?"

"क्वार्टर खाली करा म्हणतील."

दुसऱ्या दिवशी निघताना बाबांनी कोनाड्यातली काडीपेटी खिशात टाकली. मला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाही. आता ते ती सगळ्या खासदारांसमोर टेबलावर ठेवणार, अशी माझी खात्री होती. संध्याकाळी ती खिशातून परत आली.

"काय विचारलं?" आईनं विचारलं.

"सगळ्यांची झडती झाली होती का, विचारलं. सुटली असंल एखादी, म्हटलं."

यंत्र निर्दोष ठरलं. नळावर बायका बोलू लागल्या, की बिडीपायी मेला अन् दोघांना घेऊन गेला. सगळ्यात वाईट म्हणजे काकूलाही ते खरं वाटायचं. आईजवळ बसून ती म्हणायची, "दोन लेकरं नेले वं यांनी आपल्यासंगं. त्याईच्या मायांले मी तोंड कसं दाखवू?" आई खाली मान घालून तांदूळ निवडत राही.

बाबांनी दारात आमची झडती घेणं सोडलं. घरात नुसत्या बनियनवर असले तरी त्यांचा हात छातीकडे जाई आणि नसलेला खिसा चाचपून परत येई. जेवताना, बोलताना, देवासमोरसुद्धा. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त.

एका सकाळी काकू दारात आली. आई मागे कपडे धूत होती, बाबा जेवायला बसले होते.

"पोरी, काडीपेटी दे वं. माह्या चुलीवर अजून चहा नाही झाला."

शेगडीजवळ आमची काडीपेटी होती. मी ती उचलली नाही. कोनाड्यात हात घातला आणि तसबिरीमागची दिली. मी हे जाणूनबुजून केलं आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

काकूनं ती उलटी केली. निळ्या कागदावरून अंगठा फिरवला.

"हे तर यांची हाये. तुह्याकडे कशी?"

"बाबांनी गेटवर ठेवून घेतली होती," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

ती आत आली आणि बाबांच्या ताटासमोर उभी राहिली. बाबांनी घास ताटात ठेवला. मग बसल्या जागी दोन्ही हात वर केले, एक खरकटा, एक कोरडा.

"काहीच नव्हतं वहिनी त्याच्यापाशी," ते म्हणाले. "मीच तपासलं होतं."