कंडक्टर मामाचा वानोळा

काल रात्री तुमच्या ताटात आलेली भेंडी कोणाच्या वावरातली होती, हे सांगता येईल तुम्हाला? माझ्या मामाच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती आहेत. एकीला हे सांगता येतं, दुसरीला येत नाही. आणि दुसऱ्या जातीत पोरगी देऊ नये. बीबी गावाजवळच्या आमच्या आजोळी त्याला सगळे कंडक्टर म्हणतात, कारण एसटीतून निवृत्त झाला तरी तो बसमधून उतरलेलाच नाही. बोलणं थांबवायचं असलं की तोंडानेच ‘टण!’ म्हणतो आणि समोरच्याला वाटेला लावायचं असलं की ‘टण टण!’ मामीशी भांडण झालं की ती भाजीत मीठ घालत नाही. हा निमूट जेवतो, ताट सरकवतो आणि डबल बेल देऊन उठतो.

वावरातलं पहिलं जे निघेल, त्यातलं थोडं शेजाऱ्याला, सोयऱ्याला चाखायला द्यायचं, त्याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. देऊळगाव राजाच्या गाडीवर होता तेव्हा अर्ध्या तालुक्याचा वानोळा मामाच्या सीटखालून जायचा. कुठे लेकीसाठी हरभऱ्याचे टहाळ, कुठे व्याह्यांसाठी वाळकं. निवृत्त होऊन गावात आला आणि मोठी पिशवी घेऊन हक्काने घरोघर फिरला. पिशवी रिकामीच परत आली. नजर जाईल तिथवर सोयाबीन होतं आणि भाजीला सारं गाव बाजारात जात होतं. “सोयाबीनचा वानोळा काय देता बे? बसून दाणे चावू काय?” असं म्हणून तो पारावर बसला आणि उठला तो शपथ घेऊनच. गावातल्या प्रत्येक वावरात दोन ओळी खाण्याच्या असतील. चवळी, भेंडी, गवार, अंबाडी, काहीही. पण माणसाने खायचं.

त्यानंतर दर मृगाला गावाने एकच देखावा पाहिला. ट्रॅक्टर पेरणीला निघाला की बांधावरून धोतर सावरत मामा धावायचा, ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभा राहून ‘टण!’ ओरडायचा, पेरणीयंत्राच्या कडेच्या दोन खणांत आपलं बी ओतायचा आणि मगच गाडी सोडायचा. हे बी तो माझ्या पत्रकांच्या पुड्यांत ठेवतो. ‘गावाचं पोट बाजाराच्या हाती देणं ही गुलामी आहे’ असं मी पोटतिडकीने लिहिलं, छापलं, वाटलं. वाचून त्याने पसंती दिली, “कागद चांगला हाये तुहा. बी सांडत नाही.”

एकदा मात्र घात झाला. गजाननभाऊने नवं यंत्र आणलं होतं. त्याच्या पेटीत खणच नव्हते, सगळी पेटी एक. मामाने सवयीने कडेला अंबाडी ओतली आणि ती एकरभर सोयाबीनमधून उगवून आली. गजाननभाऊ दारात येऊन कडाडला, “कंडक्टर, माह्या वावरात तुही अंबाडी काऊन उगवली बे?”

“उगवली ना? मंग जमीन झकास हाये तुही.”

“मस्करी नको करू! माहं पीक गेलं!”

मामा एकदम गंभीर झाला. “माहं एकरभर उभं सोयाबीन तू घे. तुही अंबाडी मी घेतो.” आणि खरंच घेतली. मामीने कपाळावर हात मारला, “आता अंबाडीचंच लुगडं नेसू काय मी?” त्या पावसाळ्यात गावातल्या प्रत्येक घरी, शाळेतल्या खिचडीसोबतसुद्धा, अंबाडीची भाजी शिजली. पुढच्या वर्षी गजाननभाऊने आपणहून दोन ओळी सोडल्या. भीतीने सोडल्या म्हणा हवं तर. त्याच्या पाठोपाठ गाव हळूहळू सोडू लागलं.

यंदा मामाचे गुडघे गेले. डॉक्टरांनी वावरात उतरायला बंदी केली. पेरणीभर तो अंगणात बाजेवर बसून ट्रॅक्टरचे आवाज ऐकत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, “दोन ओळी सोडल्या काय रे?” प्रत्येक जण म्हणायचा, “हाव, सोडल्या ना.” मी शिवारातून फिरून आलो होतो. निम्म्यांनी सोडल्या नव्हत्या. ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

श्रावणात वानोळे येऊ लागले. शेजारचा संतोष चवळीच्या शेंगांची जुडी घेऊन आला. “घ्या मामा, माह्या वावरातल्या हायेत.” मामाने एक शेंग मोडून कच्चीच खाल्ली. “गोड हाये गड्या,” म्हणाला. संतोष खाली मान घालून गेला. माझं डोकं तापलं होतं. “मामा, तो खोटं बोलला! त्यानं एक ओळ पेरली नाही. बाजारातून आणल्या. हे रबर पाहा जुडीचं!”

“वावरात रबर पिकत नाही, ते समजते मले,” मामा म्हणाला. “पन त्याले लाज वाटली ना? पैसे देऊन इकत आणलं त्यानं, पन रिकाम्या हातानं नाही आला. ज्या दिवशी लोक रिकाम्या हातानं येऊन दात काढतीन, त्या दिवशी गाव संपलं समज.” त्याने रबर सोडवलं आणि मनगटात घातलं. तिथे आधीची चार-पाच होती. मामीने सुटलेल्या शेंगा निवडायला घेतल्या.

मामाएवढी क्षमा मला जमत नाही. लाज माणसाला दारापर्यंत आणते, पण तिने चूल पेटत नाही. म्हणून सांगतो, पुढच्या मृगाला ट्रॅक्टर तुमच्या वावरात उतरेल तेव्हा त्याच्यापुढे कोणी धावत येणार नाही. तुम्हीच त्याला थांबवा. दोन ओळी पेरा, आणि पहिल्या शेंगा निघाल्या की ओंजळीत घेऊन शेजारच्या दारात जा. वावर नसेल, तर ज्या भावाचं आहे त्याला आजच सांगून ठेवा. आणि आमच्या गावावरून जाणं झालंच, तर अंगणात बाजेवर बसलेल्या माणसाच्या हातावर सुट्या शेंगा ठेवा. जुडी बांधू नका.