चुकीच्या दारात दिलेलं पाकीट

विजयाबाई कदम टपालाची पिशवी खांद्याला लावून पहिल्यांदा दौलतगंजात शिरल्या, तेव्हा एका कापडवाल्यानं त्यांना विचारलं होतं, "बहनजी, आज पोस्टमन नहीं आया क्या?" विजयाबाईंनी त्याचं रजिस्टर पत्र पुढे केलं आणि म्हणाल्या, "आया है. दस्तख़त कीजिए."

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आजोबा शिंदे सरकारच्या रिसाल्यात, वडील रेल्वेत, नवरा फौजेत. घरातल्या बाईनं नोकरी केली तर ती शाळेत, असा रिवाज. विजयाबाईंनी एकतिसाव्या वर्षी पोस्टाची परीक्षा दिली ती कुणाला न विचारता. निकाल लागल्यावर घरात सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नवरा, कान्होजी, तेव्हा सरहद्दीवर होता. त्याचं पत्र आलं, "चपला चांगल्या घे."

दौलतगंज, नई सडक आणि मधला सगळा भाग त्यांच्याकडे होता. कोणत्या जिन्याला कठडा नाही, कोणत्या घरी बेल वाजत नाही म्हणून कडी आपटावी लागते, पासपोर्टची वाट पाहणारा मुलगा कोणत्या मजल्यावर राहतो, हे त्यांना कागद न बघता माहीत होतं. एकोणीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात गेलं नव्हतं. त्यांचा अभिमान म्हणावा तर एवढाच.

मात्र एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पिशवी खांद्यावर चढली की त्या पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एकदा त्यांना नई सडकेवरून जवळजवळ पळत पोस्टात यावं लागलं होतं. बरोबरचे पुरुष आडोसा बघून भिंतीशी उभे राहायचे. बाईनं कुठे जायचं? ओळखीच्या घरात जाऊन विचारायचं तर जीभ उचलत नसे. टपालवाल्या बाईनं पत्र द्यावं आणि जावं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, प्यायचंच नाही म्हणजे प्रश्नच नाही.

कान्होजी हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला तसा रोज सकाळी दोन लिटरची बाटली भरून, तिला ओलं फडकं गुंडाळून विजयाबाईंच्या पिशवीत ठेवू लागला. "उन्हाची लू लागली की माणूस उठत नाही, विजया. फौजेत तहान लागो न लागो, पाणी हुकमानं पितात." दुपारी विजयाबाई रिकामी बाटली ओट्यावर ठेवत. ती बघून कान्होजी खूश व्हायचा. परतताना वाटेवरच्या कडुनिंबाखाली कुणी पाखरांसाठी मातीची परळं मांडली होती, त्यांत ती बाटली रोज रिकामी होत असे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

यंदा नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागला तो आग घेऊनच. पारा सेहेचाळीसच्या पुढे गेला. बाड्याभोवतीचा, शहराच्या मुख्य चौकातला बाजार बारालाच ओस पडू लागला. मुलगी स्मृती कॉलेजात होती, तिचं अर्धं बोलणं हिंदीत. "आई, छुट्टी घे ना! इतनी गर्मी में कोण जातं?"

"पेन्शनवाले वाट बघतात गं," विजयाबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळपासूनच त्यांचं डोकं ठणकत होतं. अकराच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. भिंतीला हात टेकून त्या थोडं थांबल्या, पुन्हा चालल्या. थोड्या वेळानं लक्षात आलं की कपाळ कोरडं आहे, ब्लाउजही कोरडा. बरं झालं, आज घाम कमी येतोय, असंच त्यांना वाटलं.

दौलतगंजातल्या एका बोळात पहिल्या मजल्यावर गुरुप्रसाद आणि सीमंतिनी मुळे राहत. सीमंतिनीताईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली होती. विजयाबाईंनी त्यांची बेल वाजवली आणि एक पाकीट पुढे केलं.

"विजयाबाई, हे आमचं नाही," सीमंतिनीताई म्हणाल्या. "मोहित अग्रवाल लिहिलंय यावर."

"तुमचंच आहे. सही करा."

"अहो, अग्रवाल पलीकडच्या बोळात नाही का?"

"लवकर सही करा ना. आई वाट बघतेय, मला उशीर झाला तर रागावते."

विजयाबाईंची आई जाऊन बारा वर्षं झाली होती आणि सीमंतिनीताई तिच्या तेराव्याला जेवून आल्या होत्या. त्यांनी विजयाबाईंचं मनगट धरलं. ते तव्यासारखं तापलेलं होतं.

यापुढचं विजयाबाईंना आठवत नाही. मानेपाशी काहीतरी गारगार लागल्याचं आणि कुणीतरी शाळेतल्यासारखं दरडावून बोलत असल्याचं तेवढं पुसटसं आठवतं. बाकी सगळं नंतर ऐकलेलं.

सीमंतिनीताईंनी त्यांना आत घेऊन फरशीवरच आडवं केलं, पायाखाली लोड सरकवला, साडीची गाठ आणि ब्लाउजची बटणं सैल केली. गुरुप्रसादांना सांगितलं, "आधी एकशे आठला फोन लावा. मग फ्रीजमधला सगळा बर्फ आणा." दोन चादरी बादलीत बुडवून अंगावर घातल्या, कूलर ओढून समोर आणला, बर्फाच्या पुरचुंड्या करून मानेला, काखेत, जांघेत ठेवल्या. शेजारीण ग्लास घेऊन आली तशी त्यांनी तिला थांबवलं. "आत्ता तोंडात पाणी नको. शुद्ध नाहीये, श्वासनळीत जाईल. ते अंगावर ओता."

बोळ इतका अरुंद की ॲम्ब्युलन्स तोंडाशीच अडली. मग एका घरातून बाज आली. दोन दुकानदार गल्ल्यावरून उठून आले, गुरुप्रसाद तिसरे, आणि चौथा खुद्द मोहित अग्रवाल, ज्याचं पाकीट अजून मुळ्यांच्या टेबलावर पडलं होतं. ओल्या चादरीसकट विजयाबाई बाजेवरून निघाल्या आणि सीमंतिनीताई शेजारून चालत तांब्यातांब्यानं पाणी शिंपडत राहिल्या.

डोळे उघडले तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीत होतं. हाताला सलाईन होती. उशाशी कान्होजी बसला होता, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. निरोप मिळाला तसाच धावत आला होता.

"विजया, मी कोण?" त्यानं विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" विजयाबाई म्हणाल्या. कान्होजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर निधी राऊंडला आली. स्मृतीच्याच वयाची भासावी अशी ती मुलगी. ती म्हणाली, "अंगातला घामच आटला होता. वेळेवर थंड केलं म्हणून बचावलात. पण किडनीवर ताण आलाय, दोन दिवस बघावं लागेल. दिवसभरात पाणी किती पिता?"

उत्तर कान्होजीनंच दिलं. "दोन लिटरची बाटली नेते. रोज रिकामी आणते. मी स्वतः भरतो."

विजयाबाईंना खोटं पुढे रेटता आलं असतं. पण डॉक्टर कागदावर "दोन लिटर" लिहायला लागली तेव्हा त्यांना राहवेना.

"नाही पीत," त्या म्हणाल्या. "एक घोटही नाही. बाहेर जायची सोय नसते म्हणून. बाटली मी कडुनिंबाखाली ओतते, पाखरांच्या परळात."

डॉक्टरचं पेन थांबलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. "बहुत औरतें यही करती हैं," ती हळूच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

कान्होजी रागावेल असं विजयाबाईंना वाटलं. पण तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी चिमण्यांची नोकरी करतोय."

विजयाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. तोही हसला. मग त्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ही काय सांगायची गोष्ट आहे?"

"हीच सांगायची," कान्होजी म्हणाला. "बाकीच्या नसत्या सांगितल्यास तरी चाललं असतं."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरनं तो दोनदा वाचला आणि मान डोलावली. किडनी पूर्ववत काम करत होती. लघवी साफ होती. घरी जायला हरकत नव्हती. स्मृती तिथेच आईच्या गळ्यात पडली. कान्होजी व्हरांड्यात गेला आणि फोनमध्ये जितके नातेवाईक होते तितक्यांना त्यानं तीच एक बातमी ओरडून सांगितली. ती विजयाबाईंना आत खाटेवर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा ऐकू येत होती, आणि छातीवरचं ओझं दर वेळी थोडं थोडं उतरत होतं.

घरी भेटायला येणाऱ्यांत सीमंतिनीताई पहिल्या. "आमचं न्हाणीघर दाराला लागूनच आहे," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. "विचारायचं नाही. बेल वाजवायची आणि सरळ जायचं. मी आणखी चार घरं बोलून ठेवलीत. नई सडकेवर गरिमाचं बांगड्यांचं दुकान आहे ना, तिथेही मागे सोय आहे."

"अहो, सगळ्यांना सांगितलंत?" विजयाबाई लाजून म्हणाल्या.

"सगळ्यांना. तिथल्या दोघीतिघी म्हणाल्या, आम्हीही बाजारात निघताना पाणी पीत नाही. मग कुणी लाजायचं आणि कुणापुढे?"

पोस्टमास्तर मानसिंगराव फळं घेऊन आले आणि फळांची पिशवी मांडीवर तशीच धरून बसले. उन्हाळाभर टपाल सकाळी सातला निघेल, अकराच्या आत सगळे परत, दुपारी फक्त आतलं काम, असं वरून मंजूर करून घेतल्याचं त्यांनी सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "दुसरी गोष्ट, बायकांच्या सोयीची, माझ्या कधी डोक्यातच आली नाही, विजयाबाई. यायला हवी होती." पोस्टात दोन नव्या मुली लागल्या होत्या. त्यांना आपण स्वतःच सगळं सांगू, असं विजयाबाईंनी कबूल केलं, आणि रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी वाटणीच्या टेबलाशी उभं राहून, पुरुषमंडळी ऐकत असताना, सांगितलंही.

त्याच दिवशी साडेनऊला त्या नई सडकेवर पोचल्या. वाटेत त्यांनी अर्धी बाटली संपवली होती, ठरवून, घोटाघोटानं. गरिमाच्या दुकानासमोर पाय क्षणभर अडखळले. आत गिऱ्हाईक होतं. कसं विचारावं याची त्यांनी मनात जुळवाजुळव चालवली होती, तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या मनगटात बांगडी चढवता चढवता गरिमानं नुसती मान मागच्या पडद्याकडे वळवली. "आंटी, नळ जरा घट्ट आहे, ज़ोर से घुमाना."

विजयाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावर पाणी मारलेलं होतं आणि पदराच्या टोकानं त्या ते टिपत होत्या. गरिमानं माठातला ग्लास पुढे केला. तो त्यांनी उभ्या उभ्या संपवला. कपाळावर घाम आला होता, भरपूर, डोळ्यांत उतरेल इतका. त्यांनी तो पुसला नाही. पिशवीत अजून अकरा पत्रं होती. त्यांनी वरचं काढलं, नाव नीट वाचलं, आणि त्या सावलीच्या बाजूनं चालू लागल्या.