फुलगोबी धुणारी बाई

नातवंडं मला हसतात. बाजारातून आलेली भाजी मी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि अर्धा तास कुणाला हात लावू देत नाही. "आजीची भाजी आंघोळीला गेली," म्हणतात. हसोत बापडी. भाजी धुण्यावरूनच मी एकदा एका भल्या बाईच्या दारात तोंड सोडलं होतं, हे त्यांना ठाऊक नाही.

तेव्हा हुडकेश्वर खेडंच होतं. तिथे विहिरीकाठी आमची छोटी वाडी होती. बाबा फुलगोबी, वांगी आणि सांभार लावायचे. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. आई सकाळी टोपली भरून शहरातल्या सक्करदऱ्याकडे निघायची. मी आठवीत होते. रविवारी दुसरी टोपली माझ्या डोक्यावर असायची.

सक्करदऱ्यात आईचं एक घर ठरलेलं होतं. तिथल्या बाई वयानं आईपेक्षा मोठ्या. ओसरीवर बसून एकेक वांगं उलटसुलट करून बघायच्या, घासाघीस करून आईला दमवायच्या आणि मग चहा द्यायच्या, घरातल्याच कपात. आईला त्या कपाचं फार अप्रूप होतं. तिच्या तरुणपणी एक दुकानदार तिनं ओट्यावर ठेवलेले पैसे पाणी शिंपडून उचलायचा. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं. मी तान्ही असताना आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तसलं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं, पण रागाची तयारी मात्र पुरेपूर होती.

त्या रविवारी आईनं फुलगोबीचे दोन गड्डे तोलून दिले. बाईंनी चहाचं विचारलंच नाही. आतून बादली आणली आणि आमच्यादेखत एकेक गड्डा पाण्यात बुडवून खसाखसा चोळायला लागल्या. माझे कान तापले.

"आमचा हात लागला म्हणून धुऊन राहिल्या काय?" मी ओरडले. "भाजी चालते तुमाले, हात नाही चालत?"

बाई गोबी हातात धरून बघतच राहिल्या. "अवं पोरी, तसं नाही वं..." त्या म्हणाल्या. मी कुठली ऐकते! टोपली उचलली आणि आईला दंडाला धरून बाहेर काढलं. आईनंही बादली पाहिली होती. तिनं दंड सोडवून घेतला नाही.

वाटेतल्या तलावापाशी ती थांबली. "इतके वर्स त्या कपात चहा पेली मी," एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. तिचं ते तोंड पाहून मला बाईंचा आणखी संताप आला. स्वतःचा यायचा होता अजून.

तो संध्याकाळी आला. आईनं टोपलीत उरलेला एक गड्डा आमच्यासाठी काढला. बाहेरची पानं तोडून फेकली आणि गोबी घमेल्यात बुडवून चोळायला लागली. पाणी पांढरं झालं. ते ओतून तिनं दुसरं घेतलं. रोजच करायची ती हे. मी रोजच बघत होते.

"आई, काहून धुऊन राहिली?"

"धुवाले नको? कालच तं तुह्या बाबानं पावडर झटकली."

बोलता बोलता तिचा हात पाण्यातच थांबला. किडीची पावडर बाबा जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचे आणि ते बोचकं वाफ्यावर झटकत जायचे. काल झटकली होती आणि आज त्याच वाफ्यातली गोबी आम्ही विकून आलो होतो.

मी गोठ्यातून पावडरीचा पुडा आणला. त्यावर बारीक अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं, की पावडर टाकल्यावर काही दिवस भाजी तोडू नये. घरात वाचता येणारी मी एकटी, आणि तो पुडा मी एकदाही वाचला नव्हता. बाबांना वाचून दाखवला. "त्या वाफ्यातलं आता काही तोडू नका," म्हणाले.

सकाळी आई म्हणाली, "मी कोणत्या तोंडानं जाऊ वं तिथं?"

"बोलली मी. मीच जातो," मी म्हटलं. पण अर्ध्या वाटेवर मागे पाहिलं तर आई टोपली घेऊन येतच होती.

बाईंनी दार उघडलं. माझा सगळा तोरा उतरला होता. मी एका दमात सांगून टाकलं, की पावडर आमचीच होती, बाई, तुम्ही धुतलं ते बरोबर केलं, मी चुकले.

बाई ओसरीवर बसल्या. "मागच्या आठवड्यात नातवानं कच्ची गोबी खाल्ली अन् उलट्या करून करून पार गळून गेला. आता बरा हाय. डाक्टर म्हणाले, मिठाच्या पाण्यात धुतल्याबिगर देऊ नका. अन् हे पोट्टं तं टोपलीतूनच उचलून खाते. म्हणून आत न्यायच्या आधीच, तुमच्यासमोर धुवत होती."

"मंग सांगितलं काहून नाही?" आईनं विचारलं.

"तुले वाईट वाटंल म्हणून." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू गेल्यावर समजलं मले, पोर काहून चिडली ते. लई लागलं जिवाले."

त्यांनी बादली आणली आणि मूठभर मीठ टाकलं. कालचे गड्डे आईनं फेकायला लावले आणि पावडर न टाकलेल्या वाफ्यातले दोन टोपलीतून काढले. आईनं बाह्या सावरून पाण्यात हात घातले. बाईंनीही घातले. त्या एकाच पाण्यात दोघींचे हात कोपरापर्यंत बुडालेले मी पाहिले आणि मला रडू आलं. मग बाईंनी चहा आणला, त्याच कपात.

पुढे बाबा पावडर टाकलेल्या वाफ्याला काठी रोवून फडकं बांधायचे आणि पुड्यावरचे दिवस होईतो तिथलं काही तोडायचे नाहीत. आई मात्र तरीही दारोदार बजावायची, "धुऊन घेजा बाई, मिठाच्या पाण्यात." जिचे पैसे एक दुकानदार पाणी शिंपडून उचलायचा, तीच हे सांगत फिरायची. एका नव्या गिऱ्हाईक बाईनं तिला विचारलं, धुवायचं कशाला?

"पावडर राहते जी थोडीबहुत," आई म्हणाली. मग दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडून हसली. "हात साफ हायेत आमचे."